धवळ्यात लागलेली झोप

शहापूरच्या दवाखान्यात मुलाने नेलं होतं ते मला, घोरण्यासाठी. आजार निघाला माझ्या बायकोला. ह्या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो नक्की कुणावर काढायचा ते ठरत नाही म्हणून जास्तच येतो. डॉक्टरांवर काढून झाला, गोळ्यांवर काढून झाला, भावजयीवर तर भर मांडवात काढला. उरलो मी. पण स्वतःवर राग काढायची मला सवय नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे गुरं, मग भातशेती. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे. बायको खर्डीकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर धवळे आले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी, पण करमणुकीची नव्हेत. आमच्यात हळद दळण्यापासून नवरी वाटेला लावेपर्यंत प्रत्येक कामाचा धवळा असतो, आणि तो म्हणणारी बाई, म्हणजे धवळारीण, तिने तो पुरा केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. नवरी पाटावर बसलेली असते, वाटीत हळद कालवलेली असते, पण धवळा संपेपर्यंत हळदीला कुणी बोट लावत नाही. हे सगळं माझ्या बायकोला तोंडपाठ. कुठे लिहिलेलं नाही. तिच्या आजीच्या तोंडून तिच्या तोंडात आलं.

अडचण एकच होती. पाळीच्या चार दिवसांत बाजूला बसलेल्या बाईने धवळा म्हणायचा नाही. किती वेळा लोक नारळ आणि विडा घेऊन बोलवायला दारात यायचे आणि हिला पडवीतून नुसता हात हलवावा लागायचा. मग दुसऱ्या गावची बाई शोधत त्यांची धावाधाव.

म्हणून पन्नाशीच्या आसपास तिची पाळी गेली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. बायका म्हणाल्या, "आता मोकळी झालीस गो काकी, आता कधीपण बोलवू." मलाही बरं वाटलं. घरात आणि शेतात महिनाभर दोन हात अखंड मिळणार एवढंच मी बघितलं. ते चार दिवस ती पडवीत भिंतीला टेकून बसायची आणि पाणीसुद्धा दुसऱ्याने द्यायचं. वर्षभरात तिला टेकायला मिळायचं ते तेवढंच. तेही गेलं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच सुमाराला मुलाचं लग्न झालं. सून घरात आली की म्हाताऱ्याने आपली पथारी ओटीवर न्यायची, ही आमच्याकडची रीत. सासरा आत झोपला तर लोक हसतात. मुलगा-सून नव्या खोलीत पंखा लावून, बायको मधल्या घरात भाताच्या कणगीजवळ एकटी, आणि मी बाहेर ओटीवर. मधली भिंत दीड हात जाडीची. वर माझं घोरणं असं की पलीकडच्या घरातला भाऊ म्हणतो, तुझ्यामुळे आमच्याकडे चोर येत नाय. म्हणजे त्यानंतर दहा-बारा वर्षं माझी बायको कशी झोपते हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं, कारण ती झोपलेली असायची.

दिवसाचं मात्र सगळ्यांना दिसत होतं. सकाळी उठायची ती डोक्याला फडकं करकचून बांधूनच. डोकं दुखतंय म्हणायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. तोंड सुकलेलं. लहान-लहान गोष्टीवर चिडायची, मग गप्प व्हायची. मीठ दोनदा टाकायची नाहीतर टाकायचीच नाही. मी बोलायचो, "लक्ष कुठं असतं तुझं?" ती म्हणायची, "रात्रभर दगड वाहिल्यागत वाटतं हो." मी म्हणायचो, दगड मी वाहतो, तू काय वाहतेस.

मुरबाडला एका डॉक्टरला दाखवलं. त्याने डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त कमी म्हणून लाल गोळ्या दिल्या. दुसऱ्याने सांगितलं, पाळी गेल्यावर बायकांना असं होतंच, मनावर घेऊ नका. तिसऱ्याला ती म्हणाली झोप मोडते, तर त्याने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्यावर सकाळी हिला हलवून उठवावं लागायचं आणि डोकं दुप्पट दुखायचं. तिघांनीही विचारलं होतं, घोरते का? तिन्ही वेळा ती तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "नाय, नाय. बाईमाणूस हाय ती." डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांना तरी काय पडलं होतं, पुरुषमाणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार.

मग तिच्या माहेरी खर्डीला लग्न होतं, तिथे ते झालं. मी मांडवाच्या कडेला पुरुषांत बसलो होतो. हळदीचा धवळा चालू होता. हा लांबलचक असतो, हळकुंड शेतात लावल्यापासून ते वाटून वाटीत येईपर्यंतचा सगळा प्रवास त्यात येतो. ती एक ओळ म्हणते, मागच्या बायका ती उचलतात. बायकांनी ओळ उचलली, संपवली आणि थांबल्या. पुढची ओळ येईना. मला वाटलं पाणी पीत असेल. मान वर करून बघितलं तर ती मांडी घालून ताठ बसलेली, हात मांडीवर, आणि डोळे मिटलेले.

"आत्या, ओ आत्या! नवरी म्हातारी व्हायची ना पाटावर!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खा मांडव हसला.

ती दचकून जागी झाली आणि तिने ओळ धरली, पण चुकीची. हळद वाटून झाली होती आणि हिने ती परत शेतात नेऊन लावली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आता हसत कुणी नव्हतं, ते जास्त वाईट.

परतीच्या गाडीत ती रडली. मी म्हणालो, "रडतेस काय? सकाळपासून उपाशी होतीस म्हणून झालं." ती म्हणाली, "माझे धवळे चाललेत. एकेक करून चाललेत. तुमाला कळत नाय." मी म्हणालो, कुठे चाललेत, पाय आहेत का त्यांना. असं मी बोललो. खोटं कशाला लिहू.

पुढच्या हंगामात आमच्या दारात विडा-नारळ घेऊन फार कुणी आलं नाही. जे दोघं आले ते जुन्या ओळखीचे, आणि तिथेही ती अडखळली. माझ्या भावाच्या मुलाचं लग्न पुढच्या वैशाखात ठरलं. आमचं घर आणि भावाचं घर एकाच अंगणात. सख्ख्या पुतण्याची हळद दुसरी कुणी म्हणेल असं आमच्या मनातही आलं नाही. एका सकाळी भावजय अंगणात तांदूळ पाखडत होती. तिथूनच, मान वर न करता तिने सांगितलं, "धवळ्याला शहापूरकडची बाई सांगितली हाय. जावेला आता झेपायचं नाय. तिला आराम द्या जरा."

बायको ओटीवर उभी होती. ती तशीच आत गेली. मीच बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण भाऊ बाहेर आला आणि त्याने मला हाताला धरून घरात नेलं. त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट उरली. पुतण्याच्या हळदीला ही म्हणणार की नाही? ती त्याविषयी बोलत नव्हती, पण भांडी घासताना ओठ हलायचे. ओळी आठवून बघायची. मध्येच थांबायची आणि पातेलं आपटायची.

ह्याच दिवसांत मुलाने माझं घोरणं मनावर घेतलं. त्याच्या कामावरच्या कुणा साहेबाला झोपेत श्वास अडकायचा आजार निघाला होता, मोठमोठ्याने घोरायचा म्हणे. "बाबा, तुमचं पण तसंच हाय, दाखवून येऊ." मी नाही म्हटलं. चार महिने नाही म्हटलं. शेवटी तो म्हणाला, आई सोबत येईल, तुम्ही कसे घोरता ते ती सांगेल. शहापूरला छातीच्या आजारांची एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा बसते, तिच्याकडे गेलो.

बाहेर बाकावर आम्ही तिघं. नंबर यायला वेळ होता. नंबर आला आणि आम्ही उठलो, तर बायको बसल्या जागी झोपलेली, मान मागे पडलेली, तोंड उघडं. मला लाज वाटली. मी कोपराने ढोसलं. डॉक्टरीणबाई दारातून बघत होती.

आत गेल्यावर तिने माझं ऐकून घेतलं, घसा बघितला, मान मोजली. मग म्हणाली, "आजींचं पण बघू या." मी म्हणालो, तिला काही नाही, तिची पाळी गेल्यापासूनचं आहे ते. "म्हणूनच बघते," बाई म्हणाली, आणि तिने एक कागद पुढे ओढला. त्यात प्रश्न. वाचत बसल्यावर झोप लागते का?

"तिला वाचता येत नाय," मी म्हणालो.

टीव्ही बघत बसल्यावर?

"बघत नाय. तवा ती भांडी घासत असते."

गाडीत तासभर बसून जाताना? कुणाशी बसून बोलताना? दुपारी जेवल्यावर निवांत बसल्यावर?

"अवो डॉक्टरबाई," माझं डोकं फिरलं, "ती बसतच नाय. दिवसाची कवा बसते ती?"

बाईने कागदावर सगळीकडे शून्यं मांडली होती. तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलंच नाही, बायकोकडे वळली. "आजी, मग तुम्हाला झोप लागते तरी कुठे?"

बायकोने पदर तोंडाशी घेतला. "उभ्यानं लागते बाई. आवणीत वाकल्यावर लागते, रोप हातात ऱ्हातं. चुलीम्होरं लागते. धवळ्यात लागते." धवळ्याचं नाव घेताना तिचा आवाज फुटला.

आवणी म्हणजे चिखलात वाकून भाताची रोपं लावणं. त्यात माणूस झोपतं हे मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरचं फुप्फुसाचं चित्र बघत राहिलो.

"आणि आजी घोरतात का?"

"नाय," मी म्हणालो.

"तुम्ही झोपता कुठे, आजोबा?"

"ओटीवर."

"आणि आजी?"

"मधल्या घरात."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

उत्तर नसलं की मला राग येतो. बाईने सांगितलं, आठ दिवस जवळ झोपा, श्वास थांबतो का ते ऐका, आणि ह्या झोपेच्या गोळ्या आजपासून बंद. मी बाहेर येऊन मुलाला सांगितलं की ह्या वयात मी आत झोपायला जाणार नाही, सून काय म्हणेल, भावजय तर बारशाचं विचारील. आणि गेलो नाही. पंधरा दिवस गेलो नाही. ती बायको माझी, आजार तिचा, आणि मी ओटीवर अडून बसलो.

मार्गशीर्षात भात झोडून झालं होतं. दुपारी मी खळ्यावर पेंढ्याचे भारे बांधत होतो. ती भाकरी घेऊन आली आणि मला म्हणाली, "जरा आडवी होते." असं ती कधी म्हणत नसे. पेंढ्यावर उताणी झाली आणि लगेच झोपली. थोड्या वेळाने घोरायला लागली. मोठं नाही, माझ्यासारखं नाही, जुन्या बिजागरीसारखं बारीक. मी भारा बांधत हसलो. मग आवाज थांबला.

मी भाऱ्याची गाठ मारली. आवाज नाही. वळून बघितलं तर छाती वर-खाली होत होती, पोट ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून काही जात-येत नव्हतं. ओठ काळपट झाले. मी दोर टाकून उठलो, तेवढ्यात तिने असा गचका खाल्ला की पेंढा उडाला. घशातून एक ओरड आली, श्वास आत गेला, आणि ती तशीच झोपलेली. परत बिजागरी. परत बंद. मी तिथे उकिडवा बसून ते किती वेळा झालं ते बघितलं आणि मग बघवेना. सगळी रात्र ही असं करते? दहा-बारा वर्षं? दगड वाहिल्यागत वाटतं म्हणायची तेव्हा मी काय म्हणालो होतो ते मी वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मीच मुलाला म्हणालो, चल. दोघांचीही तपासणी झाली, बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाला नळी, आणि ते घेऊन घरीच झोपायचं. माझं आलं थोडंसं, काळजी नको, कुशीवर झोपा. तिचं आलं जोरात. गावभर घोरण्याचं नाव माझं आणि हे असं. खोटं नाही सांगत, थोडा अपमान वाटला.

डॉक्टरीणबाईने तिला समजावलं. "आजी, पाळी चालू असते तोवर अंगात जे तयार होत असतं ते झोपेत घसा ताठ ठेवायला मदत करतं. पाळी गेली की ते कमी होतं. घसा सैल पडतो, अंगावरची चरबी पोटाकडे, मानेकडे सरकते. घसा मिटतो, श्वास अडतो, जीव दचकून उठतो. पुरुषांना हे आधीपासून असतं, घोरणं मोठं असतं, म्हणून ते लवकर सापडतात. बायका डोकं दुखतं, थकवा येतो, विसरायला होतं एवढंच सांगतात. मग कुणी रक्ताच्या गोळ्या देतं, कुणी मनाच्या."

मी म्हणालो, "मग आधीचे तिघं काय करत होते?" बाई म्हणाली, "त्यांना कुणी नीट सांगितलं असेल का, आजोबा?" ती सरळ मनाने म्हणाली. मला लागायचं ते लागलं.

मशीन मुलाने आणलं. नाकावर मुखवटा बांधायचा आणि त्यातून हवा घशात जात राहते, घसा मिटू देत नाही. ते बघून बायको म्हणाली, "हे मुसकं मी बांधायची नाय. मी काय मळणीचा बैल हाय?" पहिल्याच रात्री काढून फेकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली नाकात वारं जातं. तिसऱ्या दिवशी गावाची वीज गेली. आमच्याकडे वीज जायला कारण लागत नाही. मी वैतागलो. एवढं करून आणलं आणि हिचं हे, आणि वीजवाल्यांचं ते. मुखवट्याचा पट्टा सुटला की तिला कळायचं नाही, आणि मशीन नुसतं फुसफुसत बसायचं. कुणीतरी जवळ असायला हवं होतं. सून म्हणाली, "बाबा, मी झोपते आईंजवळ." मी म्हणालो, तुला पहाटेचा डबा असतो. आणि पथारी उचलली.

भावजयीला दुपारपर्यंत कळलं. विहिरीवरून आवाज आला, "काय भावोजी, ओटीवर गारठा वाढला वाटतं!" बायका खिदळल्या. मी म्हणालो, "हां, वाढला." एवढं बोलायला मला फार जड गेलं.

महिनाभराने तिने डोक्याचं फडकं सोडलं. दोन महिन्यांनी दुपारी खळ्यावर मला म्हणाली, आज चुलीसमोर जागी होते. मग ती ओळी घोळवायला लागली, मोठ्याने. वैशाख तोंडावर आला होता. मी भावजयीकडे गेलो आणि म्हणालो, तिला आजार होता, पकडला आहे, हळद तिलाच म्हणू दे. भावजय म्हणाली, "विडा-नारळ दिलाय हो त्या बाईला. दिलेला नारळ परत कसा मागू?" ते खरं होतं. आणि मला ते खरं आहे हे माहीत होतं, तरी हळदीच्या दिवशी मांडवात सगळ्यांसमोर मी भावजयीला तोडून बोललो. माणसं म्हणाली, म्हाताऱ्याला चढली. थेंब घेतला नव्हता.

बायको मागच्या रांगेत बसली, ओळ उचलणाऱ्या बायकांत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मागे. पण धवळा संपेपर्यंत टक्क जागी होती. मी तिच्यावरून नजर हलवली नाही.

घरी येऊन ती चुलीशी बसली आणि शहापूरच्या धवळारणीला शिव्या देत सुटली. "वाटणाची ओळ गाळली तिनं. पाणी घालायची ओळ गाळली. पाटा-वरवंट्याचं तर घेतलंच नाय, सरळ वाटीत आणली हळद. असं असतं व्हय?" एवढ्या जोरात बोलताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, पुढल्या लग्नाला तू म्हण.

तिने तवा चुलीवर ठेवला. मग म्हणाली, "माझ्यातलं पण गेलंय हो. नवरी वाटेला लावायचा धवळा, त्याचं मधलं कडवं. चार महिनं धुंडते, येत नाय. डॉक्टरीण म्हणली, काय काय परत येईल, काय नाय येणार." आणि माझ्याकडे वळली. "तुमी ऐकलाव ना? चाळीस वर्सं माझ्याबरोबर मांडवात बसलाव. सांगा की. नदीपाशी नवरी थांबते, तिथून पुढं काय?"

मी आठवायला बसलो. तिचा आवाज आठवला, हात कसे मांडीवर असायचे ते आठवलं. मांडवाच्या कडेला आम्ही पुरुष तेव्हा भाताच्या जाती आणि बैलांच्या किमती बोलत असू, तेही आठवलं. ओळ एकही आठवली नाही. ती तवा ठेवून वाट बघत होती, आणि मी अर्धी जिंदगी जे माझ्या कानावरून गेलं त्यातला एक शब्द तिला देऊ शकलो नाही.

"नाय येत," मी म्हणालो.

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.